बिनविस्तव भाऊजींचा बर्फ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींना सगळा जिना 'बिनविस्तव' म्हणतो. नाव मीच ठेवलं, पाप कबूल आहे. औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं हीटरवर काचेचे चंबू तापवल्यावर या केमिस्टला अचानक साक्षात्कार झाला, की रसायनं तापवणं हा निव्वळ अडाणीपणा. ऊन घ्या, मायक्रोवेव्ह घ्या, नाहीतर खलात नुसतं घोटा. पण विस्तव नको! हे प्रवचन जिन्यात चालायचं, आणि वर त्यांचा गीझर तासन्‌तास चालू.

त्यातही त्यांचा जीव जडला आवाजावर. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने पाणी थरथरवणारी एक टाकी असते. चष्मेवाला तिच्यात चष्मे धुतो. तसली टाकी त्यांनी महिन्याच्या बोलीवर कारखान्यात आणवली. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी बजावलं होतं, "हीटरवर जे मिश्रण तयार व्हायला आठ तास लागतात, ते काम हिच्यात लवकर झालं तर टाकी राहील. नाहीतर टाकी परत, आणि तुम्ही लेबलं चिकटवायच्या खात्यात."

तिसऱ्या आठवड्यात भाऊजी दोन-दोन पायऱ्या चढत आले. "वहिनी, चाळीस मिनिटं! नुसत्या आवाजाने! विस्तवाचे दिवस भरले!"

दुसऱ्या दिवशी बाई बघायला आल्या. चाळीस मिनिटांत काम फत्ते. बाईंनी टाकी बंद केली, पाण्यात बोट बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं.

"अहो, हे तर अंघोळीचं पाणी! काम आवाजाने झालं की उष्णतेने?"

टाकी चालली की पाणी आपोआप तापतं, हे चष्मेवाल्यालाही ठाऊक. पण विस्तवाच्या या वैऱ्याने टाकीत थर्मामीटरच ठेवलं नव्हतं. कशाला ठेवतील? तापवायचंच नव्हतं ना! काम आवाजानेच झालं हे दाखवायला बाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली.

शुक्रवारी त्यांची बायको माझ्या दारात. "फ्रिजमधला सगळा बर्फ द्या हो. दोन दिवस ह्यांनी धड घास खाल्ला नाही."

"डोक्यावर ठेवायला?"

"टाकीत टाकायला! पाणी गार ठेवून आवाज लावायचा, आणि शेजारी तसंच गार पाणी, बिनआवाजाचं."

"एवढ्या कारखान्यात बर्फ नाही?"

"आहे की. पण तो बाईंकडे मागावा लागतो."

मी गुपचूप ट्रे काढून दिले.

शनिवारी गार टाकीत काम झालं खरं, पण तीन तास लागले. बिनआवाजाच्या चंबूत मात्र ढिम्म काही नाही. भाऊजींनी पडेल चेहऱ्याने 'चाळीस मिनिटं' खोडून 'तीन तास' लिहिलं आणि कागद पुढे केला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "आता पटतंय, काम आवाजाचंच. टाकी राहू दे. तुम्हीही राहा."

तेव्हापासून थर्मामीटर भाऊजींच्या खिशात. परवा माझ्याकडे चहाला आले आणि कपात बुडवून म्हणाले, "वहिनी, बासष्ट."

मी म्हटलं, "आधी तुमच्या गीझरमध्ये बुडवून या. आणि येताना माझे बर्फाचे ट्रे आणा."