नावाचा रकाना

अब्बांच्या औषधांच्या माझ्याकडे दोन वह्या आहेत. निळी मलकापूरच्या डॉक्टरांची, तपकिरी मिरजेच्या. दोन्हींत मी पट्टीने रेघा मारून रकाने पाडले आहेत: तारीख, औषधाचं नाव, कशासाठी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर. तपकिरी वहीत नावाचा रकाना पूर्ण भरलेला आहे. निळीत त्या रकान्यात रंग लिहिले आहेत. पांढरी मोठी. गुलाबी. पिवळी.

याबद्दल लिहायचं ठरवून बरेच महिने झाले. कामांच्या यादीत ते रोज खाली सरकत राहिलं. आता लिहून टाकते.

मी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात स्टोअर सांभाळते. नटबोल्टपासून प्रयोगशाळेच्या काचेच्या नळ्यांपर्यंत सगळं माझ्या रजिस्टरमधून जातं. नाव लिहून आणल्याशिवाय मी कुणाला साधा स्क्रू देत नाही. नवीन प्राध्यापक ‘तो तसला, जरा लांबडा’ म्हणत येतात, त्यांना मी परत पाठवते. एकच बेअरिंग दोन कंपन्यांच्या दोन नावांनी आलं, तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून एक करणं हे माझं आवडतं काम. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते मला कळण्यासारखं नव्हतं असं कुणाला वाटायला नको.

अब्बा गादीवाले. मलकापुरात घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. उकिडवं बसून त्यांनी आयुष्यभर गाद्या शिवल्या. कापूस घ्यायला जाताना लहानपणी मला बरोबर न्यायचे. व्यापारी पोत्याचं तोंड उघडून वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायचा आणि अब्बा कोपरापर्यंत हात आत घालून तळाचा कापूस बाहेर काढायचे.

“चाचा, एवढ्या वर्षांची वळख, तरी भरवसा न्हाई व्हय?” व्यापारी म्हणायचा.

“भरवसा हाय म्हणून तर एकच हात घालतोय,” अब्बा म्हणायचे. “नसता तर दोन घातले असते.”

घरात आमची बोली वेगळी, पण दुकानाच्या उंबऱ्यावर आणि डॉक्टरांकडे अब्बा असं मराठी बोलत आणि पुढे पुढे आमच्याशीही तेच बोलू लागले. प्रश्न विचारायला मी शिकले ती त्या पोत्यापाशी. शाळेत तसं काही झालं नाही.

मलकापूरचे डॉक्टर आमचे फार जुने. माझा गोवर, भावाचा मोडलेला हात, अम्मीची दोन्ही बाळंतपणं, सगळं त्यांनी निभावलेलं. पाऊस असो, सण असो, बोलावलं की यायचे. ते गोळ्या बरणीतून काढून कागदाच्या पुडीत देतात. पुडीवर पेनने रेघ मारलेली असते. एक रेघ म्हणजे सकाळी, दोन म्हणजे सकाळ-संध्याकाळ. नाव कुठेच नसतं. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत अशा पुड्या असतात आणि त्या पुड्यांनी माणसं बरीही होतात.

सत्तरी ओलांडल्यावर अब्बांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गुलाबी, पोटासाठी पांढरी मोठी आणि गुडघ्यांसाठी पिवळी गोळी सुरू केली. थोडे दिवस बरं वाटलं. मग मशिदीत त्यांना मागे खुर्ची घेऊन बसावं लागलं. ते त्यांना लागलं. “खुर्चीवाल्यांत बसवलं बघा मला,” ते घरी येऊन म्हणाले आणि जेवले नाहीत. मरेपर्यंत जमिनीवर कपाळ टेकता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्याच्यापुढे दुसरं काही नव्हतं.

कोरेगावच्या एका लग्नात कुणीतरी मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांचं सांगितलं. मी लगेच वेळ घेतली, जुने एक्स-रे काढून तारखेप्रमाणे लावले, निळी वही पर्समध्ये टाकली. रेल्वेत बसल्यावर अब्बा म्हणाले, “एक ऐक. आपल्या डॉक्टरचं नाव तिथं काढू नको. आन हिकडं आलेलं त्यांना सांगू नको.”

“का?”

“का म्हंजे? इतकी वर्सं ज्यांनी सांभाळलं, त्यांना सोडून दुसऱ्याच्या दारात गेलो असं हुतंय. बरं दिसत न्हाई.”

मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितलं. अब्बांनी नकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरांनी दुखण्यासाठी गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा, आणि विचारलं, “आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?”

“बीपीची,” अब्बा म्हणाले. “बाकी काय न्हाई.”

निळी वही माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. मी पर्सची चेन उघडली नाही.

मलकापूरचे डॉक्टर दर वेळी निळी वही चाळत. म्हणून मिरजेच्या औषधांसाठी मी घरी येऊन दुसरी, तपकिरी वही सुरू केली. एका माणसाच्या औषधांच्या दोन वह्या. स्टोअरमध्ये कुणी असं केलं असतं तर मी दहा माणसांसमोर त्याला बोलले असते.

अब्बांना खरंच फरक पडला. महिन्याभरात ते खुर्ची सोडून जमिनीवर आले. त्या शुक्रवारी त्यांनी अम्मीला शेवया करायला सांगितल्या. मी कराडात राहते, स्कूटरवर दहा मिनिटं, पण त्या दिवशी मुद्दाम जाऊन दोन वाट्या खाऊन आले.

त्यानंतरच्या रविवारी मी दोन्ही वह्या एकदम उघडून बसले. निळीत ‘पिवळी, गुडघ्यांसाठी, दोनदा’. तपकिरीत औषधाचं नाव आणि ‘दुखण्यासाठी, दोनदा’. दोन्ही एकच तर नाहीत? डोक्यात आलं ते लगेच आलं, काही वेळ लागला नाही. मी पिवळी गोळी कागदात गुंडाळून औषधाच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, “सुट्या गोळीवरनं नाव कसं सांगणार, ताई? ज्यांनी दिली त्यांनाच विचारा.”

तोवर एक बंद ठेवा, असं मी अब्बांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी नमाजात खाली गेले, तर शेजारच्यांना धरून उठवावं लागलं. “दोघं बी शिकलेले हाईत,” मला म्हणाले. “तू कुठल्या कॉलेजात डॉक्टरकी केलीस?”

“मी कॉलेजातच असते, अब्बा.”

“स्क्रू मोजायला.”

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर मलकापूरच्या दवाखान्यात गेले. बाकं भरली होती. आत-बाहेर असं काही नाही, एक पडदा आहे, तोही बाजूला सारलेला असतो. मी निळी वही पुढे केली आणि म्हणाले, “डॉक्टर, या पिवळ्या गोळीचं नाव काय? इथं लिहायचं राहिलंय.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “नाव कशाला गं पाहिजे? बारसं घालतेस का गोळीचं?”

बाकांवरची सगळी माणसं हसली. अब्बा सगळ्यांत मोठ्याने हसले. “लहानपणापास्नं अशीच हाय ही,” ते म्हणाले. “आवं, मौलवींना बी प्रश्न इचारायची.” मीसुद्धा हसले. तेव्हा खरंच हसू आलं होतं, ते खोटं नव्हतं.

पण डॉक्टर हसायचे थांबले आणि त्यांनी नीट विचारलं, “का गं? कुणी काही बोललं का? दुसरीकडचं काही चालू आहे का?”

हा प्रश्न त्यांनी विचारला होता. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मग गोष्ट वेगळी होते.

अब्बा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मांडीवरचा हात जरासा उचलला गेला होता, पोत्यात घालायला उचलायचे तसा, पण तो मला गप्प करायला होता.

“नाही,” मी म्हणाले. “सहजच.”

घरी येऊन मी नावाच्या रकान्यात पुन्हा ‘पिवळी’ लिहिलं. एक वर्ष आणि वर काही महिने मी ते प्रत्येक ओळीत लिहीत गेले. अक्षर चांगलं आहे.

रमजान आला. अब्बांनी सगळे रोजे धरले. दिवसा गोळी घेता येत नाही म्हणून पहाटे सहेरीला ते दोघांच्याही गोळ्या एकदम घेत आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही. मला हे अम्मीने सांगितलं होतं. मी तपकिरी वहीत टीप लिहिली: ‘वेळ बदलली.’

ईदनंतर पायांना सूज आली. मग तोंडाची चव गेली, उचकी थांबेना. मलकापूरच्या डॉक्टरांनीच रक्त तपासायला पाठवलं आणि कागद हातात आल्यावर स्वतः फोन करून सांगलीला वेळ घेतली. सांगलीचे किडनीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी अब्बांची चौकशी केली, मग मला विचारलं, “दुखण्याच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत? त्या जास्त झाल्या की किडन्या जातात.”

मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी पानं उलटली. “छान ठेवलंय,” ते म्हणाले. मग निळ्या वहीवर बोट ठेवलं. “ही पिवळी म्हणजे काय?”

“माहीत नाही.”

ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या कागदावर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी मलकापूरला गेले. डॉक्टर यायचे होते. पुड्या बांधणाऱ्या बाई मला शाळेपासून ओळखतात. मी त्यांना पिवळी गोळी दाखवली. त्यांनी खालच्या कप्प्यातून मोठा डबा काढला, ज्यातून बरणी भरतात तो, आणि त्याच्यावरचं लेबल माझ्याकडे फिरवलं. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेलं तेच औषध. नाव दुसऱ्या कंपनीचं, खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव तेच. बेअरिंगसारखं. एवढंच करायचं होतं आणि ते त्या बाईंनी एका मिनिटात केलं.

डॉक्टर आल्यावर मी दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी तपकिरी वही पहिल्यांदा पाहिली. एकेक पान उलटत गेले.

“मी विचारलं होतं तुला,” ते म्हणाले. “मला आठवतंय. तू नाही म्हणालीस.”

“मी नाव विचारलं होतं.”

“ते आठवत नाही मला.”

मी ‘बारसं’ म्हणून आठवण करून दिली नाही. काय उपयोग होता? त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला बोलावलं. तो आला, बसला, पुडी घेऊन गेला. त्याने काही विचारलं नाही. मी उभीच होते, मीही त्याला काही सांगितलं नाही.

नंतर डॉक्टर अब्बांना भेटायला घरी आले. खाटेच्या कडेला बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा अब्बांनी त्यांचा हात धरला. “तुमची काय बी चूक न्हाई, डॉक्टरसाहेब. आमी तुमच्यापास्नं लपवलं. आमचंच चुकलं.” डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, “अब्बा, चूक त्यांचीही आहे.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आजही ईदला शेवयांचा पहिला डबा डॉक्टरांकडेच जातो, मीच नेऊन देते. बाकं भरलेली असतात. बरण्या तशाच आहेत.

आमच्या कॉलेजात दर वर्षी पाहुणे येऊन मुलांना सांगतात की प्रश्न विचारा, कुणाचंही म्हणणं तपासल्याशिवाय मानू नका. खुर्च्या मोजून देणं माझ्याकडे असतं. मी मागे उभी राहून ऐकते. मुलं टाळ्या वाजवतात. मग कुणी प्रश्न आहेत का असं विचारतात, आणि कुणाचा नसतो.

आता आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिस. मंगळवारी मी नेते, शनिवारी भाऊ. गुडघ्यांची कुठलीच गोळी घेता येत नाही, त्यामुळे अब्बा घरी खाटेवर बसूनच नमाज पढतात. खुर्चीबद्दल आता बोलत नाहीत.

मी तिसरी वही सुरू केली आहे. गेल्या मंगळवारी मशीन सुरू असताना सिस्टरने नळीत एक इंजेक्शन दिलं. आधी हे नव्हतं.

“सिस्टर, हे कसलं?”

“नेहमीचंच आहे, काकू.”

“नाव काय?”

“मोठे सर येतील आता राउंडला, त्यांना विचारा.”

“गप बस की गं,” अब्बा हळूच म्हणाले. “सगळं त्यांच्या हातात हाय. नाराज झाले म्हंजे?”

मोठे सर आले. त्यांच्यामागे चार माणसं होती. मी पेन घेऊन उठले. अब्बांचा एक हात मशीनला जोडलेला होता, दुसऱ्या हाताने त्यांनी माझी ओढणी पकडली. जोर नव्हता त्यात, सुटून आली असती. मी थांबले. सरांनी कागद पाहिला, “ठीक आहे ना, चाचा?” विचारलं. “लय बरं हाय साहेब,” अब्बा म्हणाले. सर पुढच्या खाटेकडे गेले.

मी बसून वही उघडली. तारीख लिहिली. नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

अब्बांनी मान वळवून कचऱ्याच्या डब्यातली इंजेक्शनची रिकामी बाटली पाहिली. मला मदत करावी असं त्यांना वाटलं असावं.

“निळं झाकण हाय,” ते म्हणाले. “लिव्ह.”

मी लिहिलं.