न हलणारी वजनं

मर्ल ट्रेझीजच्या हुद्द्याचं नाव होतं इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्ट. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई हेरगिरी करत असणार. प्रत्यक्षात ती अ‍ॅडलेडमधल्या एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनकडे पाठ करून बसायची आणि राज्यातल्या वृद्धाश्रमांनी पाठवलेले आकडे वाचायची. कोण पडलं, कोणाच्या पाठीला जखमा झाल्या, कोणाला झोपेच्या गोळ्या जास्त दिल्या. कुठे म्हाताऱ्यांचे हाल चाललेत ते त्यावरून ओळखायचं आणि तिथे तपासनीस पाठवा म्हणून सांगायचं, हे तिचं काम. फक्त सांगायचं. पाठवायचं की नाही ते आमचा डायरेक्टर रसेल हॅमिल ठरवणार, आणि रसेलला काही ठरवायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

मी त्याच मजल्यावर तक्रारींचे फोन घेते. एकोणीस वर्षं झाली. नलिनी हे नाव इथे कोणाच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून मी नेली.

मर्ल आधी बावीस वर्षं वृद्धाश्रमात नर्स होती. माणसं उचलून उचलून गुडघे गेले, म्हणून खुर्चीवर आली. आमचे बाकीचे अ‍ॅनालिस्ट विद्यापीठातून थेट आलेले. त्यांना रंगीत आलेख सुरेख काढता येतात. म्हातारा माणूस त्यांनी वर्षातून एकदा, ख्रिसमसच्या जेवणाला पाहिलेला. मर्लला आलेख जमायचे नाहीत. ती टेबलावरच फ्रिट्झ, म्हणजे इथल्या स्वस्त मांसाच्या चकत्या घातलेला, टोमॅटो सॉस ओघळणारा पाव खायची, की-बोर्डात चुरा पाडायची आणि आकडा वाचून सांगायची, "इथे सकाळच्या पाळीला माणसं कमी आहेत." ते खरं निघायचं. तरीही बढती दर वेळी आलेखवाल्यांनाच मिळाली.

आमच्याकडे प्रत्येक वृद्धाश्रमाला रंग असतो. लाल, पिवळा, हिरवा. जो प्रामाणिकपणे कळवतो की आमच्याकडे या महिन्यात चौघं पडली, तो लाल. जो सगळं दाबून ठेवतो आणि काहीच कळवत नाही, तो हिरवा. तपासनीस जातात लालकडे. ही अक्कल कोणाची, ते विचारू नका. तिच्यासाठी बक्षीस समारंभ झाला होता.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मर्लने मला हाक मारली. "नेली, इकडे ये. हे बघ आणि सांग, माझे डोळे गेलेत की हे लोक मला वेडी समजतात?"

स्क्रीनवर मॅलीफील्ड हाऊस होतं. गव्हाच्या पट्ट्यातला, इथून तीन तासांवरचा वृद्धाश्रम. बासष्ट माणसं. रंग हिरवागार. त्या वर्षी आम्ही प्रत्येकाचं दरमहा वजन मागवायला सुरुवात केली होती. जानेवारीपासून जुलैपर्यंत बासष्टांपैकी एकाचंही वजन हललेलं नव्हतं.

"चांगलं आहे की," मी म्हटलं.

"चांगलं? जूनमध्ये यांच्याकडे उलट्या-जुलाबांची साथ होती. नऊ दिवस. यांनीच आरोग्य खात्याला कळवलंय. अख्खं घर नऊ दिवस संडासात, आणि वजन जैसे थे? अगं, जिन्याने वर येताना माझं याहून जास्त घटतं."

"तू लिफ्टने येतेस."

"गप गं."

ती तशीच उठून रसेलकडे गेली, आणि मला साक्षीदार म्हणून ओढत घेऊन गेली. रसेलच्या खोलीत वाळूचं छोटं ताट आणि त्यात फिरवायची छोटीशी फणी आहे. मन शांत राहावं म्हणून. त्याचं मन अशांत कशाने होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

"आकडे स्थिर आहेत, मर्ल," तो म्हणाला. "स्थिर म्हणजे चांगलं."

"मेलेल्या माणसाची नाडीही स्थिर असते, रसेल."

"पण तुझ्याकडे एकच पुरावा आहे. नियम माहिती आहे ना तुला? दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे लागतात. त्यांच्याविरुद्ध तक्रारी किती आहेत?"

"शून्य," मी सांगितलं. माझंच खातं ते.

"बघ! बासष्ट जणांची घरं आणि एक तक्रार नाही. ऑक्टोबरच्या मेळाव्यात मी त्यांच्या मॅनेजरला, केलीन व्हॉसला, भाषणाला बोलावलंय. विषय, उत्तम आहार."

"मग मी घरच्यांना फोन करते."

"अ‍ॅनालिस्टने फोन करायचा नसतो. निष्पक्षपणा जातो."

मर्लने अहवाल लिहिला. तो वर गेला आणि पाच आठवडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला. प्रत्येक टेबलावर त्याचा एकेक दात काढला गेला. "वजनं खोटी असण्याची दाट शक्यता" हे वाक्य गेलं तेव्हा तसं होतं. परत आलं तेव्हा "नोंदींमध्ये सुधारणेला वाव" असं झालेलं. मला तिडीक आली. मर्लने तो कागद कपाखाली ठेवला.

आमच्या यादीत माणसांना नावं नसतात, नंबर असतात. मर्लने त्यातला एक धरून ठेवला. नंबर एकतीस, पुरुष, चौऱ्याऐंशी वर्षं, सात महिने ७१.२ किलो. कोट काढता काढता ती रोज म्हणायची, "आज एकतीस नंबर जेवला असेल का गं?" आलेखवाले हसायचे. मलाही ते जरा जास्तच वाटायचं. पण तिला खरंच झोप लागत नव्हती. तिकडे कोणीतरी उपाशी मरतंय आणि आपण इथे विशेषणं बदलतोय, हे तिला सोसत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी चहाच्या खोलीत तिने मला विचारलं, "बासष्ट घरांपैकी एकालाही काही खटकलं नाही?"

"तक्रार एकही नाही. मीच बघते ना."

"तक्रार नाही, ते कळलं. फोन किती आले?"

मी कप खाली ठेवला. कारण आमची पद्धत अशी की, फोनवरचा माणूस "मला तक्रार करायची आहे" असं म्हणाला तरच ती तक्रार. नाहीतर ती चौकशी. चौकशीला एक माहितीपत्रक पोस्टाने जातं, फाइल बंद होते, आणि चौकशीला रंग नसतो. आता ही गव्हाच्या पट्ट्यातली माणसं! ट्रॅक्टर पायावरून गेला तरी "तसं काही नाही, जरा खरचटलंय" म्हणणारी. त्यांच्यात कुरकूर करण्याइतकी लाज दुसऱ्या कशाची नाही. त्यांचा फोन सुरूच होतो तो असा: "मी तक्रार करत नाहीये हं, तुम्हाला कामं कमी नसतील." आणि मी निमूटपणे "चौकशी"वर बोट दाबते. एकोणीस वर्षं पाट्या टाकल्या मी.

शोधल्या, तर मॅलीफील्डच्या अकरा चौकशा निघाल्या. त्यातल्या सात मी घेतलेल्या. मे महिन्यातली एक मीच अशी टाइप केली होती: "पर्थहून मुलगी, जोसलिन कूलमन. वडील व्हर्न, वय ८४. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. पँट दोरीने बांधलेली. हात कापतात, जेवणाचं ताट लांब ठेवतात, पोचत नसावं असं वाटतं. तक्रार करायची नाही. माहितीपत्रक पाठवले."

चौऱ्याऐंशी वर्षांचा पुरुष यादीत एकच होता. एकतीस नंबर.

मर्लने वाचलं. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. ती म्हणाली, "बाकीच्या दहा छापून दे."

रसेलने अकराही कागद चाळले. "पण मर्ल, या चौकशा आहेत. तक्रारी नव्हेत."

"बरोबर आहे तुझं. फक्त एवढं लिहून दे: अकरा घरच्यांनी कळवलं, मी वाचलं, आणि ही तक्रार नव्हे म्हणून सोडून दिलं. खाली सही कर. मी फाइलला लावते."

त्याने पेनाकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं. सही म्हटली की असल्या माणसांना माणुसकी आठवते. गुरुवारी सकाळी सात वाजता, न कळवता, तपासनीस मॅलीफील्डच्या दारात उभे होते.

खाटेवरच्या माणसालाही उचलून वजन करायचा त्यांचा एकमेव काटा जानेवारीपासून बंद होता. बॅटरी गेलेली. कॉम्प्युटरवरचा फॉर्म रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही, म्हणून तिथल्या कामाच्या पोरी मागच्या महिन्याचा आकडा उतरवत होत्या. सकाळी बासष्ट माणसांना तिघी जणी. त्या तरी काय करणार? फॉर्म आमचा होता. व्हर्न कूलमनचं ताट टेबलाच्या पलीकडच्या टोकाला भरलेलं होतं आणि नोंदीत लिहिलं होतं, "भूक नाही." केलीनबाई म्हणाल्या, आम्हाला कोणी विचारलंच नाही. तपासनिसांनी काटा मागवला. व्हर्न भरला ४६.१ किलो.

त्याला तालुक्याच्या इस्पितळात हलवलं. अ‍ॅनालिस्टने भेटायला जायचं नसतं. मर्ल रविवारी गेली. सोमवारी मला म्हणाली, "तो आजारी नव्हता गं. भुकेला होता. मी चमचा धरला आणि त्याने अख्खी वाटी संपवली. वर विचारतो, तुला उशीर तर नाही ना होत?"

एकोणीस दिवसांत व्हर्नचं वजन सहा किलो वाढलं. विसाव्या दिवशी न्यूमोनियाने तो गेला. इतक्या झिजलेल्या अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. आमच्याकडे त्या आठवड्यात केक कापला. रसेलने "वेळीच ओळखलेला धोका" या विषयावर भाषण केलं आणि मर्लचं नाव चुकीचं उच्चारलं. ती केकला गेली नाही. हिरव्यांची यादी उघडून बसली होती.

दोन दिवसांनी पर्थहून फोन आला. जोसलिन. बरोबर माझ्याच टेबलावर.

"तुमचे आभार मानायचे होते," ती म्हणाली. "बाबा शेवटी छान जेवत होते. त्या मर्ल नावाच्या बाई येऊन गेल्या, त्यांनाही सांगा. आणि मे महिन्यात मी फोन केला होता तेव्हा एक बाई होत्या, किती शांतपणे ऐकून घेतलं हो त्यांनी. त्यांच्यामुळेच हे हललं असणार. त्या तुम्हीच का?"

मी म्हटलं, "हो, मीच."

ती म्हणाली, "थँक यू." मी ते घेतलं. फोन ठेवल्यावर नोंद करायची असते. मी "चौकशी"वर बोट दाबलं.