रांजणातलं माझं पाणी

लातूर नवं नवं जिल्ह्याचं गाव झालं, तेव्हा वडिलांची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली आणि आम्ही मुखेडहून एसटीने लातुरात आलो. वडील साधे कारकून, पण जिल्हा जणू आपल्याच सहीने झाला अशा थाटात चालायचे. त्याच थाटात त्यांनी माझं नाव गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळेत घातलं. मार्क चांगले होते, म्हणून मी थेट 'अ' तुकडीत गेले. तिथे डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बड्या बागायतदारांच्या मुली होत्या, आणि बौद्ध वस्तीतून येणारी मी एकटी.

मला कुणी कधी वाईट बोललं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या मुली मला आवडायच्या, अजून आवडतात. मधल्या सुट्टीत लिंबाखाली कोंडाळं करून त्या मला मध्ये बसवायच्या, कारण मला रहस्यकथा रचता यायच्या. माझ्या डब्याकडे मात्र कुणाचा हात यायचा नाही. मी समजायचे, आईचा मिरचीचा ठेचा या नाजूक जिभांना झेपत नसेल.

त्या वर्षी माझी गोष्ट होती चांदीच्या चषकाची. एका बड्या शाळेत दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीचं नाव त्याच्यावर कोरतात, आणि यंदा कोरायच्या आदल्या दिवशी कपाट रिकामं. संशय सगळ्यांवर: शिपाई, गाण्याच्या बाई, ट्रस्टींची मुलगी, फी माफ असलेली मुलगी. मी रोज नेमकी घंटा व्हायच्या वेळी कुणाची तरी पावलं वाजवून थांबायचे. आमची मॉनिटर, एका बागायतदाराची लाडकी लेक, तर पार येडी झाली होती. बाई फळ्याकडे वळल्या की ती मागे वळून चोराचं नाव विचारायची आणि मी भाव खायचे.

मग पाऊस दडी मारून बसला आणि शाळेचं बोअर आटलं. ठरलं असं, की प्रत्येकीने घरून कडीच्या डब्यात पाणी आणायचं आणि वर्गातल्या रांजणात ओतायचं. मॉनिटर रांजणाचं झाकण धरून उभी राहायची. पहिल्याच दिवशी माझी पाळी आली तशी ती हळूच म्हणाली, "तुझं राहू दे गं. तुमच्याकडं पाण्याचे लई हाल."

मला इतकं भरून आलं की घरी जाऊन मी आईपुढे तिचं कौतुक लावलं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्यामागे, तशातली गत. आईने भाकरी थापता थापता विचारलं, वकिलाच्या गल्लीत तर आपल्याहून कमी टँकर येतात, त्याच्या पोरीचं पाणी घेतलं का? घेतलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि डब्याकडे न येणारे हातही एकदम आठवले. मी चुलीपुढे बसून खूप रडले.

सकाळी आई टँकरच्या गर्दीत घुसून पाणी घेऊन आली आणि तिने माझा डबा काठोकाठ भरला.

"हे पानी माघारी आणू नको," ती म्हणाली. "वतूनच ये."

पण रांजणापाशी मॉनिटर पुन्हा तेच गोड बोलली आणि माझी वाचाच बसली. रोज पोरींना खिळवून ठेवणारी मी, स्वतःसाठी एक वाक्य निघेना. डबा बाकाखाली ठेवून मी मधल्या सुट्टीची वाट पाहत बसले. त्या दिवशी गोष्ट संपायची होती.

लिंबाखाली मी आधी सगळ्यांना विचारलं, चोर कोण? एकजात साऱ्यांनी फी-माफीवालीचं नाव घेतलं. मॉनिटर म्हणाली, तीच, दुसरं कोण घेणार. ती हे इतक्या निर्मळपणे म्हणाली की मला तिचा राग येईना, आणि न येणाऱ्या रागाचाच राग आला.

"चषक चोरीला गेलाच न्हाई," मी म्हणाले. "तो शाळेतच हाय, जुन्या नकाशांच्या मागं. पोरींनी मिळून लपवला. यंदा त्याच्यावर फी-माफीवालीचं नाव यायचं होतं म्हणून."

मी उठले, वर्गात गेले, बाकाखालचा डबा काढला आणि स्वतःच झाकण सरकवून पाणी रांजणात ओतलं. साऱ्याजणी दारात उभ्या होत्या. घंटा झाली, तास सुरू झाले, बाहेर ऊन रणरणत होतं आणि रांजणाकडे कुणी फिरकेना. एरवी तिथे ढकलाढकली चालायची.

शेवटच्या तासाला मॉनिटर उठली. कान लाल झालेले, डोळे खाली. तिने रांजणात ग्लास बुडवला आणि भिंतीकडे तोंड करून घटाघटा प्याली. तिच्यामागून दोघी उठल्या. बाकीच्या तहानेल्याच घरी गेल्या, आणि त्यातल्या दोघी-तिघी पुढेही स्वतःचं पाणी वेगळं आणू लागल्या.

आई उंबऱ्यात वाट बघत उभी होती. तिने डबा हातात घेतला, उपडा करून पाहिला. वाटेत सांडलं नाही ना, म्हणून विचारलं. मी सांगितलं, रांजणातच ओतलं.

"कोन पेलं?" आईने विचारलं.

मी मॉनिटरचं नाव सांगितलं. आई तो डबा घेऊन राखेने घासत बसली, लख्ख झाला तरी घासतच राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या मोठा डबा देते."