वेधशाळाताई

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत रत्नप्रभेला सगळे ‘वेधशाळाताई’ म्हणत. महापालिकेचं प्रशिक्षण घेतलेली ती स्वयंसेविका. फोनवर हवामान खात्याचा इशारा आला, की वस्तीच्या बुद्धविहारातल्या माईकवरून तो सांगायचा आणि डोंगराच्या संरक्षक भिंतीखालच्या घरांना शाळेत हलवायचं, हे तिचं काम. आधी ते नाव कौतुकाचं होतं.

मग वस्तीतल्या माधुरीच्या ऐन हळदीत तिने रेड अलर्ट पुकारला. पाहुणे मटणाची पातेली उचलून शाळेत गेले आणि बाहेर लख्ख ऊन पडलं. तेव्हापासून नाक्यावरची पोरं विचारायची, “काय वेधशाळाताई, कपडे वाळत घालू ना?” खात्याने नुसती शक्यता सांगितली होती, पण चेष्टा करणाऱ्याला शक्यता-बिक्यता कुठली कळायला!

या जुलैत पुन्हा रेड अलर्ट आला. रत्नप्रभेने विहारात जाऊन माईक हातात घेतला. खिडकीतून नाक्यावरची तीच टोळी दिसली आणि तिचं अवसान गळालं. माईक ठेवून तिने वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक गुळमुळीत ओळ टाकली: ‘पावसाची शक्यता, काळजी घ्यावी.’ शेजारी एकट्या राहणाऱ्या लवूकाकांकडे साधा बटणांचा फोन आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि मग या बाईने काय करावं? सासूला रिक्षात बसवलं आणि स्वतःही मुलुंडला नणंदेकडे निघून गेली. “सहजच जाऊ आई, दोन दिवस राहू.”

संध्याकाळी भिंत दोन घरांवर कोसळली. रत्नप्रभेचं घर रिकामं होतं. लवूकाकांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

“नशीबवान गं बाई तू!” वस्तीतल्या बायका म्हणाल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब कसलं? इशारा तिने स्वतःपुरता वापरला होता.

तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी ती इस्पितळात गेली. खाली मान घालून काकांना सगळं सांगितलं, मुलुंडचंसुद्धा.

“लोक हसतील म्हणून गप्प बसलीस?” काकांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

“मी पण हसलो असतो गो,” काका म्हणाले. “त्या हळदीलाही हसलोच होतो. पण हसत हसत शाळेत गेलो होतो ना?”