घाव सांगणारे मेहुणे

राक्षसाचं मरण माझ्या मेहुण्यांइतक्या मायेने सांगणारा माणूस कामोठ्यात दुसरा झाला नाही आणि होणार नाही. हे बायकोचे थोरले भाऊ. मूळचे साताऱ्याकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून, लग्न न केलेले. दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर आमचा गोष्टीतल्या लढायांचा खेळ चालायचा. मी, बायको आणि खारघरचा त्यांचा एक मित्र असे तिघे वीर, आपापल्या घरून. गोष्ट सांगायला आणि राक्षसांच्या बाजूने खेळायला मेहुणे. पडद्यावर वीस बाजूंचा फासा पडायचा. वीसचा आकडा आला की घाव 'क्रिटिकल', म्हणजे दुप्पट जबर. तो कसा बसला, हे मेहुणे सांगत. एकदा माझी कुऱ्हाड एका दैत्याच्या खांद्यात रुतली. ती बाहेर निघेपर्यंत माझा चहा गार झाला, आणि त्यांच्या शेजारच्या काकू काय झालं म्हणून दार वाजवून गेल्या. दैत्याची म्हातारी आईसुद्धा त्यात येऊन रडून गेली होती. दुपटीचं गणित ते बोटांवर करत आणि हमखास चुकत, तेही दैत्याच्या बाजूने.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, "वीस पडला की प्रोग्रामच दुप्पट करील, घावाचं वाक्यही टाकील. मी नियम बसवून देतो."

ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, घाव मशीन सांगणार, मग मी निस्तं बसून ऱ्हाऊ व्हय?"

पुढे त्यांचा घसा बसला. धुळीचं निमित्त सांगत त्यांनी दोन महिने काढले. मग तपासणीत गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. ते घरी आले, बोलायचं ते पाटीवर लिहू लागले, पण खेळाचं नाव कुणी काढेना. एका दुपारी त्यांचा मेसेज आला, 'पाव्हणं, तो नियम बसवा.'

महिनाभर मी संध्याकाळी त्यांच्याकडे जात होतो. प्रोग्राम मी लिहिला, वाक्यं त्यांनी. तलवारीची वेगळी, बाणाची वेगळी. टाइप करताना त्यांचे ओठ हलायचे. मी कीबोर्डकडे बघत बसायचो.

प्रोग्राम तयार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघेही त्यांच्याच घरी जमलो. तिसऱ्याच फेरीत बायकोला वीस पडला. आकडा आपोआप दुप्पट झाला, खाली वाक्य उमटलं. प्रोग्राम अचूक चालला होता. आम्ही ते मनातल्या मनात वाचलं. शेवटी बायको मोठ्याने वाचू लागली, घाईघाईने, आवाज सांभाळत. मेहुण्यांनी हात वर करून तिला थांबवलं. पाटी ओढून लिहिलं, 'हळू, तायडे. त्याला मरायला जरा वेळ दे.'

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. मेहुणे डोळे मिटून ऐकत होते. जिथे थांबायचं तिथे त्यांचं बोट वर व्हायचं, आणि ती थांबायची.