ज्वारीच्या पिठाची चार बटणं

गेल्या वर्षी आईचा उजवा हात अर्धांगाने लुळा पडला. हात खांद्यातून हलायचा, पण बोटं मिटायची नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक मऊ रबरी चेंडू दिला आणि पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, असं बजावलं. आईने तो चेंडू खिडकीत ठेवून दिला. आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईला चेंडू दाबत बसणं म्हणजे पोरखेळ वाटत होता. महिने सरत होते आणि मला भीती वाटत होती.

मला पन्नाशीतही वस्तू उचकटायची खोड आहे. त्याच नादात मी चार बोटांएवढा एक बोर्ड मागवला होता. तो कॉम्प्युटरला लावायचा, त्याच्या तारा हव्या त्या वस्तूंना जोडायच्या. वस्तूतून जराशी वीज वाहिली की तिचं कॉम्प्युटरवर खेळ खेळायचं बटण होतं. अट एकच, खेळणाऱ्याने एका हातात वेगळी तार धरून ठेवायची. मग काय, मी स्वयंपाकघर पालथं घातलं. केळं चाललं, चिंच चालली, उकडलेला बटाटाही चालला. शेंगाचटणी कोरडी, ती नापास. कडक भाकरी तर ठार बहिरी. तीच भाकरी पाण्यात भिजवली तर ऐकायला लागली, तेव्हा मला इतका आनंद झाला की बायकोने काळजीने विचारलं, जेवलात का?

तिथून पिठावर यायला वेळ लागला नाही. मिठाच्या पाण्यात मळलेलं पीठ म्हणजे मऊ बटण. दाबलं की बोटं त्यात रुतणार. आईच्या हाताला हवं होतं ते हेच, चेंडूचं नाव न घेता. मी डब्याच्या तळाचं ज्वारीचं पीठ घेतलं, मूठभर मीठ घातलं, नळाचं पाणी ओतलं आणि परातीत चार गोळे मांडून त्यांत तारा खोचल्या. पडद्यावर एक ससा होता. गोळा दाबला की तो उडी मारायचा.

अन्नाशी खेळू नये, यावरून आधी आईची बोलणी खाल्ली. मग शेजारीण बघतेय म्हटल्यावर आई बसली. तार मी एका चमच्याला गुंडाळून तिच्या डाव्या, चांगल्या हातात दिली, म्हणजे उजवा हात कामाला लागेल. आईने चमचा शांतपणे, अंगाला टेकेल असा, कमरेला खोचला आणि डाव्या हाताने सशाला सरळ पुढे नेलं. शेजारीण हसली. माझी अक्कल चमच्यासकट कमरेला गेली.

थोड्या वेळाने ससा अडला. गोळ्यांना भेगा पडून ते फुटत होते. मी पाण्याचा हबका मारून ते दाबून बसवत होतो आणि ते पुन्हा उकलत होते. आई खेळ सोडून माझ्या हातांकडे बघायला लागली.

"गार पाण्यात मळलंस व्हय?" तिने विचारलं. "जुन्या पिठाला विरी नसती रे. आधनाचं पाणी लागतं त्याला."

भाकरी तुटू नये म्हणून पिठात जो चिकटपणा लागतो ती विरी, हे मी चाळीस वर्षं ऐकत आलो होतो आणि नेमका तिथेच चुकलो होतो. मी उकळतं पाणी आणलं. तिने चमचा बाजूला टाकला, तारा उपटल्या, डाव्या हाताने पाणी ओतलं आणि उलथन्याने कालवलं. वाफ जिरल्यावर, विचार न करता, जुन्या सवयीने उजवा हात परातीत घातला. मळायला तळवा पुरतो. तळव्याने रगडून तिने पीठ पुढे सारलं. पण ते पुन्हा जवळ ओढायला बोटं मिटावी लागतात.

ती मिटली. सगळी नाही, करंगळी ताठच राहिली, पण बाकीच्यांनी पीठ धरून आईकडे ओढलं. शेजारीण काही बोलणार होती, मी हातानेच तिला थांबवलं. आईला अजून काही कळलं नव्हतं. ती पिठात मीठ किती घातलंय म्हणून मला रागावत होती, आणि मी डोळे पुसत तिचं बोलणं ऐकत होतो.