कोशाच्या पाण्यातलं प्रथिन

आरमोरीची मयुरी आमच्या प्रयोगशाळेत आली ती एक हट्ट घेऊन. तिची आई सरिताबाई कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कोष सोड्याच्या पाण्यात शिजवते आणि मांडीवर वळून धागा काढते. त्या उकळत्या पाण्यातही काही जिवाणू टिकतात, बीजाणू होऊन, म्हणजे स्वतःभोवती जाड कवच घेऊन. ते कवच कोणत्या प्रथिनांचं, हे मयुरीला शोधायचं होतं. प्रयोगशाळेत वाढवलेले बीजाणू तिला नको होते, आईच्या गंजातलेच, म्हणजे कोष शिजवायच्या पातेल्यातलेच, हवे होते. मी तिच्या शेजारच्या टेबलावर काम करते. लोकांच्या उत्साहाची मला चीड येते, तिच्या हट्टाची कधी आली नाही.

तिने पाठवलेल्या बीजाणूंचा निकाल नागपूरच्या प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्रातून आला. अकरा प्रथिनं ओळखीची होती. बाराव्याचे तुकडे मात्र जिवाणूंच्या प्रथिनांच्या यादीत कशाशीच जुळेनात. म्हणजे नवीनच. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी हैदराबादच्या परिषदेसाठी तिचं नाव दिलं, पुढे परदेशी शिष्यवृत्तीचीही आशा होती. पेढे मीच वाटले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, त्यातली पहिली मेंढी मी.

मयुरी घरी पेढे घेऊन गेली. सरिताबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते बीजाणू धुतले होते काय तू?"

"तीनदा धुतले."

"तीनदा धुवून कोशाचा डिंक निघते काय? माह्या हाताचा आठ-आठ दिस निघत नाई."

सोमवारी मयुरी थेट संगणकापाशी बसली. जिवाणूंच्या यादीला तिने कोशाच्या किड्याची यादी जोडली आणि पुन्हा जुळवून पाहिलं. बारावं प्रथिन जिवाणूचं नव्हतंच, किड्याने धाग्यावर चढवलेला कोशाचा डिंकच निघालं. मी म्हटलं, "परिषद होऊ दे, मग सांग." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. तिने सरांच्या खोलीत जाऊन नाव मागे घेतलं.

पुढच्या रविवारी मी तिच्यासोबत आरमोरीला गेले. चुलीवर गंज होता. सरिताबाईंनी लेकीला विचारलं, "मी नसती बोलली तं तू हैदराबादले गेली असती ना माय?"

"गेली असती."

"मंग माह्यामुळेच राह्यलं तुह्यं."

"तिथी जाऊन तुह्या गंजातला डिंक नवीन म्हणून सांगितला असता," मयुरी म्हणाली. "मंग इथी तुह्यासंग कोणत्या तोंडानं बसली असती मी?"

सरिताबाईंनी गंज चुलीवरून उतरवला. मग त्यांनी हात गरम पाण्यात घातले. "धुवाचं कसं ते पाह्य आता," त्या म्हणाल्या, आणि मयुरीने वही उघडली.